लॉनच्या गवताचा माळ

शालन,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात उभ्या उभ्या चहा पीत होते. फोन दाजींचा, म्हणजे तुझ्या नवऱ्याचा होता. ते म्हणाले, "ताई, शालन गेली." मी म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. उरलेला चहा संपवला. मशीनवर एक खोका चढवला, तो दाबाखाली फुटेपर्यंत थांबले, आकडा लिहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कुणाचा फोन होता? मी म्हणाले, "शालन गेली म्हणे." ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं. मग मात्र मी तिथंच खोक्यांच्या थप्पीवर बसले.

पिरंगुटहून उरवड्याला कशी पोचले ते आठवत नाही. अंगणात माणसं होती आणि तुझ्या घराच्या भिंतीवर तू सकाळी लावलेले गवताचे ओले कागद तसेच चिकटलेले होते. निम्मे वाळले होते, निम्मे ओले होते. दाजी ज्याला त्याला तेच सांगत होते. "कागद लावत व्हती. डोकं लई ठणकतंय म्हणली. पायरीवर बसली. मी पाणी आणस्तवर आडवी झालती." शेजारच्यांनी जीप काढली, पण पिरंगुटचा नाकासुद्धा आला नाही. डोक्यातली शीर फुटली असं म्हणतात. तुझी चाळिशीसुद्धा धड झाली नव्हती. एखादी वस्तू किती सोसेल आणि कधी फुटेल हे आधी सांगायचा मला पगार मिळतो, आणि तीनच दिवस आधी तुझ्याशी तासभर भांडून मला तुझ्यात काहीही दिसलं नव्हतं.

मला अजून राग येतो तो याचाच. भांडण अर्धं ठेवून कुणी जातं का?

आता तुझ्याशिवाय कुणाला सांगू, म्हणून तुलाच सगळं पुन्हा सांगते. मी लातूरची. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली, मला पिरंगुटच्या खोक्यांच्या कारखान्यात, आणि तुमच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. पहिले सहा महिने तू मला म्याडम म्हणायचीस आणि मी तुला शालनताई. एकदा मी डाळीला फोडणी देताना तू खिडकीतून ओरडलीस, "आगं माधुरी, मोहरी जळतीया!" तिथून म्याडम संपली. लातूरला माझ्या दोन सख्ख्या बहिणींची घरं आहेत, पण मोहरी जळतेय म्हणून खिडकीतून ओरडणारं माणूस मला इथं भेटलं.

तोवर तुमचा वरचा माळ विकला गेला होता. तिथं बंगले उभे राहिले, आणि प्रत्येक बंगल्यापुढं लॉन. ज्या उतारावर तू नवी नवरी असल्यापासून विळ्यानं गवत कापलंस, तिथं आता माळी मशीन फिरवायचे आणि कापलेलं गवत कुंपणाच्या कडेला ढीग करून पेटवून द्यायचे. तो धूर थेट तुझ्या ओसरीवर यायचा. एके दिवशी तू तणतणत वर गेलीस आणि पोतंभर गवत म्हशीला घेऊन आलीस. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्यावर काय काय फवारलेलं असायचं देव जाणे. तुला तो अपमान वाटला, म्हशीचा नव्हे, गवताचा.

"म्हशीनं तोंड फिरावलं त्याला गवात म्हणायचं का?" तू मला विचारलंस.

"फेकून दे मग," मी म्हणाले.

"फेकू कशापायी? म्हस खात न्हाई तर बघू दुसरं काय हुतंय."

तुझ्या आईकडे रद्दीच्या लगद्याच्या टोपल्या करायचे. रद्दी भिजवायची, कुटायची, चिकटपणाला मेथ्यांची पूड कालवायची, आणि उपड्या घागरीवर थापून वाळवायची. तू म्हणालीस, रद्दीच्या जागी हे गवत. मी म्हणाले, तसं नाही होणार, गवत आधी शिजवायला लागेल, नाहीतर धागा सुटणार नाही. हे मला कारखान्यामुळे ठाऊक होतं. मग धुण्याचा सोडा टाकून आपण परसात मोठ्या पातेल्यात गवत उकळलं. काय तो वास! तुझ्या सासूबाई दोन दिवस शेजारी जेवल्या. पहिला वाडगा वाळल्यावर उचलला तर बिस्किटासारखा मोडला. दुसरा वाकडा झाला. तिसरा मात्र टणक झाला. तू तो हातात धरून टिचकी मारलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस की जणू आपण दोघींनी मिळून म्हशीचं नाक कापलं.

मग सुटलोच आपण. जुन्या मच्छरदाणीची जाळी चौकटीला ठोकून कागद केले. वाट्यांवर थापून रोपांसाठी कुंड्या केल्या, रोपासकट मातीत पुरायच्या अशा, आणि खालच्या नर्सरीवाल्यानं त्या घेतल्यासुद्धा. ताटं केली, दिवे केले. माळी लोक पोती आपणहून तुझ्या दारात आणून टाकायला लागले. रविवार आला की माझा नवरा म्हणायचा, "चालल्या बायका गवत शिजवायला." एकदा तोच चवीनं पातेलं ढवळत बसला होता.

आणि मग मखर. ते आठवलं की अजून हसू येतं, आणि हसताना मी वळून तुझ्याकडे बघायला जाते.

गावच्या गणपतीला मंडळ दर वर्षी थर्माकोलचं मखर आणायचं. त्या वर्षी तू सांगून आलीस, "मखर मी करती, गवताचं." कमान, दोन खांब, वर मोर. बघण्यासारखं झालं होतं, मी नावं ठेवायला जागा शोधली आणि सापडली नाही. पण घाईत तू मेथ्या नीट दळल्या नव्हत्यास, भिजवून नुसत्या खलबत्त्यात अर्धवट ठेचल्या होत्यास, कितीतरी दाणे अख्खेच राहिले. हवा दमट, वर आरतीला शिंपडलेलं पाणी. गौरी बसल्या त्या दिवशी सकाळी मंडळाची पोरं पळत आली. कमानीला कोंब फुटले होते. संध्याकाळपर्यंत खांब हिरवे झाले आणि मोराच्या पाठीवर मेथीची बारीक पानं डुलायला लागली. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. तू पदर खोचून मखरासमोर उभी राहिलीस, सगळं गाव जमलेलं, आणि म्हणालीस, "बघताय काय? भाजी झालीया. विसर्जनाला खुडून न्या." लोकांनी खरंच खुडून नेली. बंगल्यातल्या बायका फोटो काढायला खाली आल्या, पहिल्यांदाच.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणाले, यापुढे मेथी पिठासारखी दळायची आणि वस्तूला वरून लॅकरचं पारदर्शक रोगण लावायचं, म्हणजे पाणी लागणार नाही, बुरशी येणार नाही, वाळवी लागणार नाही. मेथी दळायला तू तयार झालीस. लॅकरला नाही. "त्ये लावलं की मंग प्लास्टिकच झालं की," असं म्हणायचीस. मी म्हणायचे, अगं एवढी मरमर करायची आणि दुसऱ्या पावसाळ्यात उकिरड्यावर टाकायचं? त्यावर तू ठरलेलं उत्तर द्यायचीस. "गवात हाय माधुरी, लोणचं न्हाई टिकवायला." मला त्या वाक्याचा इतका संताप यायचा की मी ते तुझ्याच आवाजात नवऱ्याला म्हणून दाखवायचे.

त्यात तू तो माळ केलास. मोठी बांबूची तट्टी, दाराएवढी, आणि त्यावर तुम्ही कुडाची भिंत लिंपता तसा लगदा लिंपून चित्रासारखा उठवलेला वरचा माळ, विकायच्या आधीचा. ताजं वाळवलेलं गवत पोपटी, जुनं पिवळं, लोखंडी कढईत उकळलेलं काळपट, एवढेच रंग. गुरांची पायवाट, बोरीची झाडं, तू विळा टेकवून बसायचीस तो खडक. सगळं त्याच मातीत उगवलेल्या लॉनच्या गवताचं. तू ते महिनोन्महिने करत होतीस आणि कुणी विचारलं तर म्हणायचीस, "काय न्हाई, आसंच." मी पहिल्यांदा ते उभं केलेलं बघितलं तेव्हा त्या पायवाटेवरून वरपर्यंत बोट फिरवलं. तो माळ मी कधी बघितला नव्हता. मी आले तेव्हा बंगल्यांचे पाये खणून झाले होते.

ऑफिसं सजवून देणाऱ्या एक बाई ते बघून गेल्या. हिंजवडीच्या एका ऑफिसात, दारातच, मोठ्या भिंतीवर लावू म्हणाल्या. फक्त लॅकर हवं, नाहीतर तिथल्या थंड हवेत पापुद्रे सुटतील. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. तू मात्र लगदा मळत राहिलीस.

"तुझी सगळी मेहनत कुजून जाईल, कळतंय का तुला?" मी ओरडले.

"मेहनत झाली की. ती कुटं कुजतीया?"

"मग केलंस कशाला एवढं?"

तू हात थांबवलेस. काहीतरी बोलणार होतीस. मग म्हणालीस, "आता मेथ्या भिजू घालायच्यात. उद्या ये, मंग भांडू."

उद्याला मला कारखान्यात थांबावं लागलं. परवाही. तेरवा सकाळी फोन आला. तू काय बोलणार होतीस, शालन? मी रोज एक उत्तर तयार करते तुझ्या वतीनं, आणि प्रत्येक उत्तर माझ्यासारखंच बोलतं.

दहाव्याला नदीच्या घाटावर सगळं गाव होतं. पुढाऱ्यांची भाषणं झाली. तुला कधीही न भेटलेल्या एकानं तुला मनमिळाऊ म्हटलं. तू असतीस तर मला कोपर मारलं असतंस. पिंड ठेवले, शेजारी भजी, चहाचा कप, तुझी मिसरीची डबी. समोर करंजावर कावळे बसले होते, चांगले पाच-सहा. एकही हलेना. दाजी पुढं होऊन हात जोडून म्हणाले, "शालन, तुज्या आईला मी आंतर देणार न्हाई." कावळे बसलेले. तुझा भाऊ म्हणाला, दाजींना मी एकटं पडू देणार नाही. कावळे बसलेले. सासूबाई रडत रडत काय म्हणाल्या ते कुणाला कळलं नाही. ऊन चढत चाललं. मग कुणीतरी मागून म्हणालं, "त्या भाडेकरू ताईंना बोलू द्या. तिचा जीव त्यांच्यात बी व्हता."

मी पुढं कशी गेले कोण जाणे. माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही हे मला तिथं पोचेपर्यंत माहीत होतं, तिथं उभी राहिल्यावर माहीत नव्हतं. तोंडातून निघालं ते एवढंच. "शालन, माळाला लॅकर लावणार नाही. राहू दे तुझं तसंच." मनापासून बोलले की घाबरून, ते आजही सांगता येत नाही. पण बोलले, मोठ्यानं, सगळ्या गावादेखत. आणि वर बघितलं.

एक कावळा उडाला. पलीकडच्या काठाला गेला.

शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, पीळ दिला, गाठ मारली, आणि तो दर्भाचा कावळा पिंडाला लावला. झालं. लोक हात जोडून उठले, पंगतीकडे निघाले. मी त्या गाठीकडे बघत राहिले. ढिली होती. तू बघितली असतीस तर गुरुजींच्या हातातून काढून घेऊन पुन्हा बांधली असतीस. मला मोठमोठ्यानं रडू फुटलं ते तेव्हा, दहा दिवसांत पहिल्यांदा. दुःखाचं होतं, पण खरं सांगू का, रागाचंही होतं. इतकी वर्षं मी माघार घेतली नाही, आणि घेतली तर तुला त्याचं काही नाही!

संध्याकाळी दाजींनी मला ओसरीवर बोलावलं. माळ भिंतीला टेकवून उभा होता. खाली लॅकरचा डबा, नवा ब्रश. पिरंगुटच्या दुकानातून त्यांनी तो तुझ्या तिसऱ्या दिवशीच आणून ठेवला होता.

"ताई, तुमी घाटावर बोललात त्ये ऐकलं," ते म्हणाले. "पर ती आली न्हाई. मंजी तिला त्ये नको व्हतं."

त्यांचं चुकत नव्हतं. ज्या रीतीनं मी वचन दिलं त्याच रीतीनं ते मोडीत निघालं होतं.

"एवढंच ऱ्हायलंय तिचं. फोटोसुदिक लगनातला एकच हाय, त्यात बी मान खाली घातलीया. तुमीच म्हणत व्हता ना, लावलं तर टिकतंय?"

"टिकतंय, दाजी."

"मंग?"

मग काय, शालन? इतके दिवस मी जे म्हणत आले तेच तुझा नवरा म्हणत होता, आणि मी त्याच्यासमोर तुझी बाजू घेऊन उभी होते, आणि माझ्याजवळ तुझं एकही उत्तर नव्हतं. लोणच्याचं वाक्य मला त्या माणसाला ऐकवता आलं नसतं. मी म्हणाले, "तुमचं आहे, दाजी. तुम्ही ठरवा."

त्यांनी डब्याचं झाकण पेचकसानं उचकटलं. ओसरीभर तो झणझणीत वास पसरला, डोळ्यांत पाणी आणणारा. ब्रश बुडवला, निथळू दिला, आणि माळाच्या खालच्या कोपऱ्याशी उकिडवे बसले. हात पुढं गेला आणि थांबला. मग ब्रश डब्यावर आडवा ठेवून ते वाकले आणि खडकाच्या जागी नाक लावलं. बराच वेळ तसेच राहिले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम बदललेला होता.

"हिच्या हातांना आसाच वास यायचा," ते म्हणाले. "मेथ्यांचा आन् वल्या गवताचा. रातीला बी यायचा. मी म्हणायचो, जरा साबण लाव."

त्यांनी पुन्हा डब्याकडे बघितलं.

"ल्याकर लावल्यावं वास ऱ्हातो का?"

"नाही, दाजी. सगळं आत बंद होतं."

त्यांनी झाकण बसवलं आणि तळहातानं चहूकडून ठोकून घट्ट केलं. ब्रश पायरीच्या दगडावर पुसला. मग ओसरीवर माझ्यापासून जरा अंतरावर बसले. आत सासूबाई भांडी आवरत होत्या, वर बंगल्यांतले दिवे लागत होते. आम्ही दोघं माळाकडे बघत होतो.

"किती दिस टिकंल?" त्यांनी विचारलं.

"एखादा पावसाळा. फार तर दोन."

ते मान हलवत राहिले. "मंग तवर बघून घिऊ," म्हणाले.

शालन, तुझ्या वेळेला किती दिवस उरलेत हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं.